लैंगिक अत्याचारानंतरच्या आयुष्याविषयीची पुस्तके सुचवावीत

सावलीरेषा:
माझ्या धाकट्या बहिणीवर महाविद्यालयात असताना लैंगिक अत्याचार झाला होता. ते तिने इतक्या वर्षांनी अलीकडेच मला सांगितले. ती समुपदेशकाकडे जाते आहे, त्यामुळे उपचारांविषयीचा सल्ला येथे मागत नाही. ती पहिल्यापासून भरपूर वाचणारी आहे आणि या अनुभवातून गेलेल्या माणसांनी त्यानंतरचे आयुष्य कसे काढले, याविषयी नीट लिहिलेले काही आहे का, असे तिनेच मला विचारले आहे. मी शोधायला बसले तेव्हा काही पुस्तके घटनेच्या वर्णनातच रमलेली दिसली, तर काहींत शेवटच्या प्रकरणापर्यंत सर्व जखमा भरून येतात आणि अपराध्याला क्षमाही केली जाते. या दोन्हींपासून तिला लांब राहायचे आहे. इंग्रजी वाचनाची अडचण नाही. तिच्याशी बोलताना काय बोलू नये हे कळावे, म्हणून मला स्वतःलाही काही वाचायचे आहे.

पानवेल:
अशा पुस्तकांची निवड करताना मी एक साधी कसोटी लावते. घटनेला किती पाने दिली आहेत आणि नंतरच्या काळाला किती, हे आधी पाहते. या कसोटीवर सर्वांत वर माझ्या मते सुझन ब्रायसन यांचे २००२ सालचे 'आफ्टरमाथ' हे पुस्तक आहे. ब्रायसन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका. १९९० साली फ्रान्समध्ये सकाळी एकट्या फिरायला गेल्या असताना त्यांच्यावर बलात्कार आणि जीवघेणा हल्ला झाला. हे सर्व त्या थोडक्यात आणि कोरडेपणाने सांगून टाकतात, आणि मग उरलेले पुस्तकभर एकाच प्रश्नामागे लागतात: ज्या 'मी'विषयी आपण वर्गात इतक्या सहजपणे बोलत होतो, तो 'मी' एका सकाळी मोडून पडू शकत असेल, तर तो मुळात कशाचा बनलेला होता? शरीर, स्मृती आणि इतरांशी असलेले नाते या तिन्हींवर 'स्व' उभा असतो, म्हणून तो पुन्हा उभारण्यासाठी ऐकणारे माणूसही लागते, असे त्या मांडतात. जवळची माणसे काय बोलावे ते न सुचून गप्प राहिली, तेव्हा त्या गप्प राहण्याचे काय झाले, हेही त्यांनी लिहिले आहे. तो भाग आपण स्वतः अवश्य वाचावा. मला त्यांचा अधिक आदर वाटतो तो आणखी एका कारणासाठी. सांगण्याने माणूस सावरतो, असे आधी म्हणणाऱ्या ब्रायसन पुढे स्वतःलाच अडवतात आणि तीच ती हकिगत पुन्हापुन्हा सांगताना माणूस तिच्यातच अडकून तर पडत नाही ना, अशी शंका घेतात. पुस्तक लहान आहे, पण काही प्रकरणे शास्त्रीय लेखांच्या वळणाची आहेत. ती गाळून वाचली तरी चालेल.

दुसरे पुस्तक शनेल मिलर यांचे 'नो माय नेम' (२०१९). अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात जानेवारी २०१५ मध्ये त्या बेशुद्ध असताना त्यांच्यावर अत्याचार झाला. त्यांना त्या अत्याचारातले काही आठवत नव्हते आणि तपशील कळला तो कामाच्या ठिकाणी बसून वाचलेल्या बातमीतून. त्यामुळे पुस्तकाचा भर 'नंतर'वरच आहे. खटला लांबत जातो, तारखा पुढे ढकलल्या जातात, या काळात नोकरी सुटते, घरच्यांशी खोटे बोलावे लागते, धाकट्या बहिणीला साक्षीसाठी उभे राहावे लागते. हे सर्व इतक्या बारकाईने लिहिलेले दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही. बहिणींच्या नात्याला पुस्तकात मोठी जागा आहे, हे आपल्याला मुद्दाम सांगते. एक सावधगिरी मात्र हवी: बचाव पक्षाच्या उलटतपासणीचा भाग वाचताना संताप येतो आणि झोपही उडू शकते.

कोरा समास:
आपल्या स्वतःच्या वाचनासाठी जूडिथ हरमन यांचे 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' (१९९२) घ्यावे. हरमन मनोविकारतज्ज्ञ आहेत. युद्धातून परतलेले सैनिक, राजकीय कैदी आणि घरात मार खाणाऱ्या स्त्रिया यांच्या मनावरचे आघात एकाच जातीचे असतात, असे त्यांनी त्या काळी ठामपणे मांडले. सावरण्याचे टप्पे त्यांनी तीन सांगितले आहेत. आधी सुरक्षितता, मग जे घडले ते आठवून त्याचा शोक, आणि त्यानंतर माणसांशी पुन्हा जोडले जाणे. प्रत्यक्षात हे टप्पे सरळ रेषेत येत नाहीत, माणूस पुढे जाऊन पुन्हा मागे येतो, हेही त्या बजावतात. आपल्यासारख्या नातेवाइकाला पहिला टप्पा समजणे फार गरजेचे आहे, कारण प्रेमापोटी आपण बहुधा दुसऱ्याचीच घाई करतो: "बोल म्हणजे मोकळी होशील." ज्या माणसाकडून सर्व निर्णय एकदा हिसकावून घेतले गेले, त्याच्याकडे ते परत जाणे हाच सावरण्याचा पाया आहे, असे हरमन म्हणतात. कोणते पुस्तक कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, हाही त्यातलाच एक निर्णय धरावा.

या विषयावर कोणीही विचारले की बेसेल व्हॅन डर कोल्क यांचे 'द बॉडी कीप्स द स्कोअर' (२०१४) हातात ठेवले जाते. आघात शरीरात कसा मुरतो हे त्यात सोपे करून सांगितले आहे, परंतु पहिल्याच प्रकरणात व्हिएतनाम युद्धातून परतलेला एक सैनिक येतो, ज्याने तेथे स्वतःच एका स्त्रीवर बलात्कार केलेला आहे, आणि लेखक त्याच्याकडे रुग्ण म्हणून सहानुभूतीने पाहतो. डॉक्टरच्या जागेवरून ते योग्यच असेल. आपल्या बहिणीने मात्र ते पान बेसावध असताना उघडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

निळीशाई:
कादंबरी चालणार असेल तर लॉरी हॅल्स अँडरसन यांची 'स्पीक' (१९९९) सुचवते. ती किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली आहे, पण मोठ्यांनी वाचली तर काही बिघडत नाही. बोलणे जवळजवळ सोडून दिलेल्या शाळकरी मुलीचे ते निवेदन आहे आणि आश्चर्य म्हणजे त्यात भरपूर विनोद आहे.

सावलीरेषा:
सर्वांचे मनापासून आभार. शोधताना 'लकी' आणि 'द करेज टू हील' ही दोन नावे वारंवार समोर आली. त्यांचा उल्लेख येथे कोणीच केला नाही, याला काही कारण आहे का?

कोरा समास:
दोन्हींबाबत कारणे निरनिराळी आहेत. 'लकी' हे ॲलिस सीबोल्ड यांचे १९९९ सालचे आत्मकथन. त्यांच्यावर झालेल्या बलात्काराबद्दल ज्या माणसाला शिक्षा झाली आणि ज्याने १६ वर्षे तुरुंगात काढली, त्याची ती शिक्षा २०२१ साली न्यायालयाने रद्द केली. सीबोल्ड यांनी त्याची जाहीर माफी मागितली आणि प्रकाशकाने पुस्तकाचे वितरण थांबवले. बलात्कार झालाच नव्हता, असा याचा अर्थ मुळीच नाही. चूक ओळख पटवण्यात आणि खटल्यात होती. तरीही ज्या पुस्तकाचा बराचसा भाग त्या खटल्यावर उभा आहे, ते आज निर्धास्तपणे कोणाच्या हाती देता येत नाही.

'द करेज टू हील' (१९८८) एलेन बास आणि लॉरा डेव्हिस यांचे असून ते बालपणीच्या अत्याचाराविषयी आहे, त्यामुळे आपल्या बहिणीला ते तसेही थेट लागू पडत नाही. त्या पुस्तकाने अनेकींना प्रथमच बोलण्याचे बळ दिले, हे खरेच आहे. मात्र स्पष्ट आठवण नसली तरी अत्याचार झाला असावा असे वाटत असेल, तर तो झालाच असेल, या त्यातील सुरावर स्मृतीच्या अभ्यासकांनी कठोर टीका केली. घ्यायचेच असेल तर नंतरची सुधारित आवृत्ती घ्यावी.

उंबरठा:
मी स्वतः यातून गेलेली आहे, म्हणून पानवेल यांच्या कसोटीला थोडा विरोध नोंदवते. घटनेचे वर्णन नको, ही अट प्रत्येकीची नसते आणि एकाच व्यक्तीची कायमची तर नसतेच नसते. एका काळात मला नेमके तेच वाचायचे होते, कारण माझ्याबाबतीत घडलेली गोष्ट शब्दांत मावते, हे मला कुठेतरी छापलेले पाहायचे होते. त्या वेळी 'अ वुमन इन बर्लिन' उपयोगी पडले. १९४५ च्या एप्रिल ते जूनमधली ही रोजनिशी आहे, जेव्हा सोव्हिएत सैन्य बर्लिनमध्ये शिरले होते. लेखिकेने आपले नाव दिलेले नाही. बायका एकमेकींना भेटल्यावर "किती वेळा?" असे सरळ विचारतात, आणि पुढे घरी परतलेल्या पुरुषाला मात्र त्यातले काहीही ऐकवत नाही. १९५९ साली जर्मन भाषेत पुस्तक आले, तेव्हा त्यावर इतका रोष ओढवला की लेखिकेने आपल्या हयातीत ते पुन्हा छापू दिले नाही. २००३ मध्ये निघालेल्या आवृत्तीला मात्र मोठा वाचकवर्ग मिळाला.

सोहैला अब्दुलअली यांचे 'व्हॉट वी टॉक अबाउट व्हेन वी टॉक अबाउट रेप' (२०१८) घरात असावेच. १९८० साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि तीनच वर्षांनी त्यांनी स्वतःच्या नावाने 'मानुषी' या स्त्रियांविषयीच्या नियतकालिकात त्याविषयी लिहिले. प्रकरणे छोटी आहेत, कुठूनही वाचता येतात, आणि लेखिका वाचकाकडून कोणत्याही ठरावीक वागण्याची अपेक्षा ठेवत नाही. सावरलेल्या माणसाने हसूही नये आणि फार रडूही नये, अशी जी अलिखित अट सगळेजण घालतात, ती या पुस्तकात नाही.

आणि ज्या दिवशी 'सावरणे' या कल्पनेचाच कंटाळा येतो, त्या दिवसासाठी नेज सिनो यांचे 'त्रिस्त तिग्र' आहे. मूळ फ्रेंच पुस्तकाला २०२३ चा फेमिना हा फ्रान्समधील साहित्य पुरस्कार मिळाला असून इंग्रजी अनुवाद 'सॅड टायगर' या नावाने आहे. लहानपणी सावत्र वडिलांनी केलेल्या अत्याचाराविषयी लिहिताना, साहित्याने मला वाचवले असे म्हणायला त्या साफ नकार देतात. मला त्या नकाराने जेवढा धीर दिला, तेवढा कोणत्याही आश्वासनाने दिला नव्हता. पण ही शिफारस सुरुवातीच्या वाचनासाठी नाही.

पानवेल:
आपला आक्षेप मला पटला. माझी कसोटी भेट देणाऱ्यासाठी ठीक आहे. वाचणारीची कसोटी तिचीच असणार. म्हणून सावलीरेषा यांना एक सुचवते: बहिणीला पुस्तक न देता आधी या धाग्यातील वर्णने दाखवावीत आणि तिने निवडलेले पुस्तक आपण आधी वाचावे. कोणत्या पानांवर काय आहे हे पेन्सिलीने पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवता येते. तिने पुस्तक अर्धवट सोडले तर "आवडले नाही का?" असे विचारू नये.

सावलीरेषा:
पेन्सिलीची सूचना लगेच अमलात आणते. मिलर यांचे पुस्तक मी मागवले आहे, आणि अब्दुलअली यांच्या पुस्तकाविषयीचा मजकूर वाचून तिने स्वतःच ते हवे म्हटले.