'पेपर मून'मधली पाच-दहाची हातचलाखी कुणी समजावून देईल का?

मंडळी, मदत हवी आहे. येत्या रविवारी सोसायटीतल्या पोरांना 'पेपर मून' दाखवायचा घाट घातलाय. पीटर बोग्दानोविचचा, १९७३चा, कृष्णधवल सिनेमा. पोरं नऊ ते बारा वर्षांची, त्यामुळे मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगायचं काम माझ्या गळ्यात.

मंदीच्या काळातलं कॅन्सस. आई वारलेली ॲडी आणि तिला मिसुरीत मावशीकडे पोचवायला निघालेला भामटा मोझेस. हाच आपला बाप असा तिला दाट संशय, कारण जबडा सारखा. (पडद्यामागे ते खरेच बापलेक, रायन आणि टेटम ओ'नील. टेटमला ऑस्कर मिळालं तेव्हा ती दहा वर्षांची होती!) मोझेसचा धंदा म्हणजे पेपरात मयताची बातमी बघायची आणि विधवेच्या दारात बायबल घेऊन उभं राहायचं. 'यजमानांनी मागवलं होतं, बघा, सोनेरी अक्षरांत तुमचं नाव.' हे पोरांना कळेल. विसाच्या नोटेचंही कळेल. आधी मोझेस काहीतरी लिहिलेली वीसची नोट दुकानात मोडतो. मागून ॲडी पाचाची देते आणि भोकाड पसरते, मी वीस दिले, नोटेवर मावशीने वाढदिवसाचं लिहिलंय! गल्ल्यात नोट निघते, दुकानदाराची बोलती बंद.

अडतंय ते सुट्ट्यांपाशी. मोझेस गोड बोलत सुटे पुढे करतो, पाच मागतो, लगेच दहा मागतो आणि पाच डॉलर जास्तीचे घेऊन बाहेर. तीनदा मागे नेऊन पाहिलं. काल आईसमोर नोटा मांडून बसलो, तर हिशेब दर वेळी बरोबरच!

प्रतिसाद: बरोबर येणारच, तुम्ही पहिला व्यवहार पुरा करताय. रुपयांत बघा. मी दहाच्या दहा नोटा काउंटरवर ठेवून शंभराची मागितली. तुम्ही दिलीत. तुम्ही सुट्ट्यांना हात घालणार तोच मी म्हणतो, 'जाऊ द्या, हे सुटे आणि ही शंभराची, दोनशेचीच द्या.' दिलीत ना? पण ती शंभराची तुमचीच होती की! मात्र बोलणं थांबू द्यायचं नाही, सगळी मेख तिथे आहे.

धागाकर्ता: आत्ता आईवर करून पाहिलं. दोनशेची नोट हातात आली. खिशात घालणार तेवढ्यात मनगट धरलं, 'माझे शंभर काढ आधी.'