पहिल्यांदाच थीम पार्क, पाच माणसं आणि ठरलेली रक्कम: आधी काय ठरवायचं?

पहिलीच_वेळ

उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिल्यांदाच थीम पार्कला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, सासूबाई (वय ६७, गुडघेदुखी), मुलगा ९ वर्षांचा (उंची १३१ सेंमी) आणि मुलगी ४ वर्षांची (१०३ सेंमी). पार्क दुसऱ्या गावी असल्यामुळे मुक्काम करावाच लागेल. एकूण रक्कम ठरलेली आहे, ती ओलांडायची नाही.

१. एक दिवस पुरेल की दोन दिवसांचं तिकीट घ्यावं?
२. रांग टाळायचा पास घ्यावा का? किंमत बघून धडकी भरली.
३. सासूबाई एकाही राइडमध्ये बसणार नाहीत. तरी त्यांचं पूर्ण तिकीट लागतं का?
४. तिकिटाशिवाय पैसे नेमके कुठे जातात?

तारीख नक्की नाही, आठवड्याचा कुठलाही दिवस चालेल.

हिशेबी

तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. बऱ्याच मोठ्या पार्कांत आता तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो. मंगळवार-बुधवार स्वस्त, शनिवार महाग, आणि जोडून सुट्ट्या आल्या की सगळ्यात महाग. पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दरांचं कॅलेंडर असतं, ते आधी उघडा. प्रवासाचं आरक्षण त्यानंतर. बहुतेक जण नेमकं उलट करतात आणि मग जो दर असेल तो भरतात.

दर बघताना त्या दिवशी पार्क किती तास उघडं आहे तेही बघा. तिकीट भागिले तास असा हिशेब केला की स्वस्त वाटणारा दिवस कधी कधी महाग निघतो, कारण त्या दिवशी पार्क संध्याकाळी लवकर बंद होतं. दुरुस्तीसाठी बंद असलेल्या राइडची यादीही तिथेच मिळते. मुलगा ज्या राइडसाठी हट्ट धरून बसलाय तीच बंद असेल तर आधी कळलेलं बरं.

खर्चाचे रकाने असे पाडा: प्रवास, मुक्काम, तिकीट, खाणं-पाणी, आणि पाचवा ‘गेटच्या आतले किरकोळ’. तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर या पाचव्या रकान्यात आहे. पार्किंग, लॉकर (काही ठिकाणी दिवसाचं भाडं, काही ठिकाणी तासावर), बाबागाडीचं भाडं, राइडमध्ये काढलेले फोटो, पावसाचा प्लास्टिक कोट, कोरडे मोजे, टोपी, सनस्क्रीन. शेवटच्या चार वस्तू घरून नेल्या तर जवळपास फुकट, आत घेतल्या तर दुप्पट-तिप्पट. एकूण रकमेतले १० ते १५ टक्के कुठल्याच रकान्यात न घालता बाजूला ठेवा.

तिकीट गेटवर काढू नका, तिथे सहसा सगळ्यात महाग पडतं. आणि दोन दिवसांच्या तिकिटातला उरलेला एक दिवस कोणी स्वस्तात विकत असेल तर त्या वाटेला जाऊच नका. अनेक पार्कांत तिकीट पहिल्या प्रवेशालाच फोटो किंवा बोटाच्या ठशाला जोडलं जातं, दुसऱ्याला ते चालत नाही.

रांगेतला_गणिती

पासबद्दल. आधी रांग कशी चालते ते बघू, मग पैसे कुठे वाचतात ते आपोआप कळेल.

रांगेची लांबी बघून वेळ ठरवू नका, राइड तासाला किती माणसं नेते ते बघा. समजा रोलर कोस्टरची गाडी २४ जणांची आहे आणि दर २ मिनिटांनी सुटते. तासाला ७२० माणसं. पुढे २४० जण असले तरी २० मिनिटांत नंबर लागतो. आता लहान मुलांची विमानं किंवा गाड्या बघा. जागा १२, आणि बसवणं, पट्टे तपासणं, फेरी, उतरवणं मिळून ४ मिनिटं. तासाला १८०. पुढे फक्त ६० जण असले तरी तीच २० मिनिटं. त्यामुळे लहानांच्या राइडची आखूड रांग फसवी असते, आणि तुमच्याबरोबर ४ वर्षांची मुलगी आहे. पार्क उघडल्यावर सगळे धावत मोठ्या कोस्टरकडे जातात. एका मोठ्या माणसाने मुलाला तिकडे न्यावं, दुसऱ्याने मुलीला घेऊन त्याच वेळी लहानांच्या दोन-तीन राइड उरकाव्यात. अकरानंतर त्याच राइडला उन्हात उभं राहायला लागतं.

गर्दी कमी असली की पार्क बऱ्याचदा कोस्टरची दोनऐवजी एकच गाडी चालवतं. मग गाडी २ ऐवजी ४ मिनिटांनी सुटते आणि तीच २४० जणांची रांग ४० मिनिटांची होते. ‘आज गर्दी नाही तरी रांग का हलत नाही’ याचं कारण बहुधा हेच. रांगेत शिरण्याआधी मिनिटभर फलाटाकडे बघा, गाड्या किती आहेत ते दिसतं.

पासवाल्यांची रांग वेगळी असली तरी जागा त्याच गाडीतल्या. निम्म्या जागा त्यांना गेल्या की साध्या रांगेचा वेग निम्म्यावर येतो. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास नावाचा असाच रांग टाळायचा पास आणला तेव्हा तो तिकिटातच होता, वेगळे पैसे नव्हते. २०२१ मध्ये तो गेला आणि त्याची जागा पैसे भरून घ्यायच्या सोयीने घेतली. म्हणजे आता हा खर्चाचाच भाग धरून चाला.

तुमच्यापुरतं बोलायचं तर पास घेऊ नका. १०३ सेंमीच्या मुलीला पासमधल्या बहुतेक राइड चालणारच नाहीत, सासूबाई बसणार नाहीत, आणि मुलीबरोबर एका मोठ्या माणसाला थांबावं लागेल. पाच जणांचा पास म्हणजे तिघांचे पैसे पाण्यात. एवढं असूनही वाटलंच तर मुलगा आणि एक मोठं माणूस, एवढ्यांपुरताच घ्या. त्याआधी एक काम घरी बसून करा. पार्कचं ॲप फोनवर घ्या आणि जायच्या आधी दोन आठवडे, ज्या वारी जाणार त्याच वारी सकाळी ११, दुपारी २ आणि संध्याकाळी ५ ला प्रतीक्षेच्या वेळा लिहून ठेवा. मुलाच्या आवडीच्या चार राइडची बेरीज दुपारी दीड तासाच्या आत असेल तर पासचे पैसे वाया जाणार.

दोन_अंश_वर

पासबद्दल पूर्ण सहमत नाही. एकाच दिवसासाठी जाणार असतील आणि सुट्टीतली गर्दी असेल, तर दोघांपुरता पास हा दुसऱ्या दिवसाचं तिकीट अधिक एक रात्र मुक्काम यापेक्षा स्वस्त पडू शकतो. दोन्ही बेरजा मांडून बघायला हव्यात. बाकी गणित पटलं.

मी उंचीवर लिहितो, कारण तुमच्या दोन्ही मुलांचे आकडे अगदी काठावरचे आहेत. पार्कांत नेहमी दिसणारे उंबरठे म्हणजे १०२, १०७, ११२, १२२, १३२ आणि १३७ सेंमी. मुलगी १०२ ला एका सेंटिमीटरने पास, मुलगा १३२ ला एका सेंटिमीटरने नापास. सकाळी उठल्यावर माणूस थोडा उंच असतो. दिवसभर उभं राहून, धावून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरच्या आसपास फरक पडू शकतो. म्हणून काठावरच्या राइड सकाळीच. काही पार्कांत सकाळी एकदा उंची मोजून मनगटाला रंगीत पट्टी बांधतात, तिथे सगळ्यात आधी ती बांधून घ्या, म्हणजे दर राइडला नव्याने वाद नको. मोजणी साधारणपणे बुटांसकट होते, तेव्हा पातळ चपलेऐवजी नेहमीचे बूट घाला. बुटात कागदाचे बोळे कोंबू नका. तिथले कर्मचारी बूट काढायला लावतात, आणि मुळात ती मर्यादा सुरक्षा दांडा शरीरावर नीट बसावा म्हणून असते.

बऱ्याच राइडना दोन आकडे असतात, एकट्याने बसायचा आणि मोठ्यांबरोबर बसायचा. लहानांच्या काही राइडना कमाल उंचीही असते, म्हणजे मुलगा तिथे चालणार नाही. संकेतस्थळावरून यादी करून दोघांच्या नावापुढे ‘हो / मोठ्यांबरोबर / नाही’ असं लिहा आणि मुलांना निघायच्या आधीच दाखवा. नाहीतर रांगेच्या तोंडाशी रडारड.

तिकिटाचा वयोगट मात्र उंचीपेक्षा वेगळा, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत ३ ते ९ वर्षांचं मूल बालक तिकिटावर, तोक्योत ४ ते ११. प्रवेशाच्या दिवशीचं वय धरतात, आरक्षणाच्या दिवशीचं नाही. मुलगा लवकरच दहाचा होत असेल तर तारीख ठरवताना हेही बघा.

पहिलीच_वेळ

खूप उपयोगी! मुलगा दहाचा व्हायला अजून पाच महिने आहेत, तेवढं वाचलं. दोन शंका. मोठ्या राइडला आम्हा दोघांनाही बसायचं असेल तर मुलीला कुठे ठेवायचं? आणि सासूबाईंचं कोणी सांगितलं नाही.

रांगेतला_गणिती

पहिल्या शंकेला अदलाबदलीची सोय आहे. बऱ्याच मोठ्या पार्कांत एक पालक राइडला जातो, दुसरा मुलीसोबत थांबतो, आणि पहिला परत आला की दुसरा पूर्ण रांग न लावता थेट जातो. अनेकदा त्याच्याबरोबर आणखी एखाद्याला जाता येतं, म्हणजे मुलाची दोनदा चंगळ. अट एकच, रांगेत शिरण्याआधी प्रवेशद्वारावरच्या कर्मचाऱ्याला सांगायचं. फलाटावर पोचल्यावर मागितलं तर मिळेलच असं नाही.

एकट्यांची रांग असेल तर तीही बघा. गाडीत उरलेली एखादी जागा भरायला ती असते, म्हणून भराभर सरकते. पण तिथे एकत्र बसायला मिळत नाही आणि लहान मुलांना सोडत नाहीत.

छत्री_आणि_पाणी

सासूबाईंबद्दल. मोठ्या थीम पार्कांत ‘फक्त प्रवेश’ असा प्रकार सहसा नसतो, आत पाऊल टाकलं की तिकीट. मात्र ज्येष्ठांची सवलत अनेक ठिकाणी असते, वयाचा पुरावा बरोबर ठेवा. जिथे राइडचे पैसे वेगळे घेतात अशी पार्कंही आहेत, तुमचं त्यातलं असेल तर प्रश्नच मिटला. गुडघे दुखत असतील तर चाकाच्या खुर्चीची चौकशी आधीच करा. भाड्याच्या खुर्च्या मोजक्याच असतात आणि सकाळीच संपतात. नकाशावर सावलीतली बाकं, वातानुकूलित खेळ-प्रयोग आणि पार्कातली रेल्वे असेल तर तिची स्थानकं खुणा करून ठेवा, आजींचा दिवस त्याच मार्गावर बसवता येतो.

आता ऊन. दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा दुपारी १ ते ४ मध्ये. त्या तीन तासांत छताखालच्या राइड आणि प्रयोग घ्या, उघड्यावरच्या राइड सकाळी किंवा सूर्य कलल्यावर. पाण्याच्या राइड दुपारी कितीही मोहक वाटल्या तरी नंतर ओल्या मोज्यांत चालून पायाला फोड येतात. मोजे काढून पिशवीत टाका, कोरडा जोड घाला. जाड जीन्स नको, ती ओली झाली की संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि मांड्या घासतात.

पाणी तहान लागायच्या आधी, दर वीसेक मिनिटांनी थोडं थोडं. रिकाम्या बाटल्या घेऊन आत जा आणि नळावर भरा. काचेच्या बाटल्या जवळजवळ सगळीकडे अडवतात. ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळा, अर्ध्या पाण्यात दाट करून मुलांना देऊ नका. सनस्क्रीन बाहेर पडायच्या १५ मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी आणि भिजल्यावर पुन्हा. मुलगी बाबागाडीत झोपली तर वरून कापड टाकून बाबागाडी झाकू नका. आत हवा खेळत नाही आणि बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. कोणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, खूप घाम आला तर लगेच सावलीत नेऊन पाणी आणि ओलं फडकं. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजून तातडीने प्रथमोपचार केंद्राला कळवा.

हिशेबी

खाण्याचे नियम पार्कागणिक टोकाचे वेगळे आहेत. कुठे घरचा डबा चालतो, कुठे पाण्याशिवाय काही नाही. बाळाचं आणि औषधोपचाराचं खाणं मात्र सहसा सोडतात. डबा गाडीत ठेवून जेवायला बाहेर यायचा बेत असेल तर पुन्हा आत सोडतात का ते विचारा, आणि जाऊन येऊन वेळ किती जातो तेही धरा. मोठ्या पार्कात अर्धा-पाऊण तास सहज जातो. आतच जेवायचं असेल तर साडेअकराला जेवा. एकला जेवणाच्या रांगा भरतात, आणि तुम्ही तेव्हा राइडवर असाल.

एक दिवस की दोन: चार वर्षांची मुलगी आणि आजी बरोबर असताना सकाळी नऊ ते रात्री नऊ ताणू नका. दुसऱ्या दिवसाचा वाढीव दर पहिल्या दिवसाच्या साधारण निम्मा किंवा त्याहून कमी असेल आणि मुक्काम पार्कापासून जवळ असेल, तर दोन दिवस घ्या आणि दुपारी खोलीवर जाऊन झोपा. तसं नसेल तर एकच दिवस, तोही प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी. पोचल्या दिवशीच तिकीट वापरलं तर सकाळचे सगळ्यात मोकळे दोन तास प्रवासात जातात.

खोलीचं भाडं एकटं बघू नका. भाडं + पार्किंग किंवा ये-जा + पाच जणांचा नाश्ता, अशी बेरीज करून तुलना करा. हॉटेलची फुकट बस असेल तर तिची पहिली फेरी किती वाजता ते विचारा. पार्क उघडल्यावर तासाभराने पोचवणारी बस फुकट असूनही महाग.

दोन_अंश_वर

राहिलेलं थोडं. मुलांना खेळण्यांसाठी ठरावीक रक्कम सकाळीच सांगा आणि खरेदी बाहेर पडताना करा, म्हणजे दिवसभर ते ओझं कोणी उचलत नाही. ॲप, कॅमेरा आणि उन्हामुळे फोन दुपारीच मान टाकतो, पॉवर बँक न्या. तिकिटांचे स्क्रीनशॉट दोन्ही फोनमध्ये. सकाळी गेटवर मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा, आणि मुलीच्या मनगटावर बॉलपेनने तुमचे दोन्ही फोन नंबर लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. पाण्याच्या राइडनंतर अक्षरं शाबूत आहेत ना ते बघा, नसतील तर पुन्हा लिहा.