रात्री मांजरसुंबा-केज रस्त्यानं यायचंय, पांढऱ्या साडीवालीचं खरं हाय का?

नवा_बीडकर
राम राम मंडळी. बीडला नोकरी लागली, पण सेकंड शिफ्ट. रात्री साडेबाराला सुटतो, मग घाट चढून मांजरसुंबा, नेकनूर करत मोटारसायकलवर गावाकडं. आमच्या अलीकडच्या एका वळणावर म्हणे पांढऱ्या साडीतली बाई हात करती. थांबलं की मागं बसती अन् गाडी जड होती. आईनं हँडलला लिंबू-मिरची बांधलीय, बायको म्हणती नोकरीच सोडा. जाणकारांनी सांगावं. थट्टा करू नका, खरंच इचारायलो.

गप्पा_परळी
गाडी जड होती म्हणजे मागच्या चाकात हवा भरून घ्या.

मुक्कामी_गाडी
त्यानं थट्टा करू नका म्हणून सांगितलं होतं की वो.

मी एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी मुक्कामी गाडीवर. रात्री शेवटच्या गावाला पोचायचं, वट्ट्यावर अंथरूण टाकायचं, गावकरी बसले की भुताच्या गोष्टी. हिरीवर आसरा, पिंपळावर मुंजा, शिवंवर म्हसोबा. ती सगळी जुनी, आपापली जागा धरून राहणारी. ही हात करणारी बाई मात्र डांबरी रस्ता झाल्यावरची. अन् ती सरळ रस्त्यावर कधी नसती बगा. वळण, पूल नायतर उतार. म्हंजी जिथं आधी कुणीतरी गेलेलं असतंय.

मला एकदा दिसली. जानेवारी, रातचे अकरा. समोरनं ट्रक आला, त्यानं काही डिपर दिला नाही. डोळ्यांपुढं नुसते दोन पिवळे गोळे. ते इरतात न इरतात तोच काचंसमोरून पांढरं फडकं तरंगत गेलं, पंखाचा ना पावलाचा आवाज, अन् मागनं बाईनं गळा काढावा तशी किंकाळी. कंडक्टरनं पैशाची बॅग छातीशी धरली, म्हणला थांबू नका. मी थांबलो. धाडसानं नाही, मला रस्ताच दिसत नव्हता.

बॅटरी घेऊन उतरलो तर कडंच्या बाभळीवर गव्हाणी घुबड. बदामासारखं तोंड, पोट पांढरंफेक. ते उडताना आवाज करत नाही अन् वरडतं माणसासारखं. पण खरी गोष्ट पुढंच हाय. चाळीसेक पावलांवर उसाची जोडट्रॉली उभी, टायर फुटलेला. मागं लाल दिवा नाही, रेडियम नाही, चाकाला दोन धोंडे लावलेले अन् ट्रॅक्टरवाला ट्रॉलीखाली गोधडी घेऊन घोरायलेला. कंडक्टर आजबी म्हणतो बाईनंच वाचवलं. मी वाद घालत नाही.

तर पोरा, दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की ते सुटेपर्यंत तुला भ्यायचं असंल तर त्या ट्रॉलीला भी. समोरच्यानं अप्पर मारला की त्याच्याकडं बघू नको, डाव्या कडंच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठिव अन् वेग कमी कर. हेल्मेटच्या काचंला ओरखडे पडले असतील तर आधी ती बदल, एक दिवा त्यात दहा दिसतो. अन् आडरानात कुणी हात केला, बाई असू दे का बुवा, तर पुढं ढाब्यावर जाऊन ११२ ला फोन लाव. थांबायचं तिथं, उजेडात.

रेणापूरची_लेक
काका, चकवा राहिला. आमच्याकडं मोटारीला लाइट रातचीच येती. मागल्या हिवाळ्यात आमचे हे दारं धरायला गेले, धुकं पडलं, अन् स्वतःच्या चार एकर तुरीत तीनदा फिरून त्याच बोरीपाशी आले. आजोबा सांगायचे, चकवा लागला की खाली बसावं, चपला अदलाबदल कराव्या. यांनी बसून तंबाखू मळली. मळता मळता मोटारीचा आवाज कुठनं येतोय ते कळलं, त्या अंगानं निघाले. चकव्यानं सोडलं!

माझ्या भावानं २००९ चं एक संशोधन दाखवलं. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेवाल्यांनी माणसं जंगलात अन् सहारा वाळवंटात सरळ चालायला सोडली. सूर्य किंवा चंद्र दिसंनासा झाला की तीसुद्धा गोल फिरून आपल्याच वाटंवर आली, अन् त्यांना वाटायचं आपण सरळच चाललोय. जर्मनीत चकव्याला काय म्हणतात काय की.

मुक्कामी_गाडी
तंबाखू सोडायला सांगा त्यांना. बसायचं मात्र सोडू नका.

नवा_बीडकर
काका, आईला सगळं वाचून दाखवलं. लिंबू काही काढू देत नाही. मागं लाल रेडियम लावून घेतलं, काच बदलली. काल येताना लक्षात आलं, ते लिंबू बरोबर हेडलाइटपुढं लोंबायलंय अन् त्याची सावली पुढं रस्त्यावर हालायली. दोनदा त्यालाच दचकलो. आज सीटखाली बांधलं.