मदत हवी आहे: सीसीआर७ नीट रंगत नाही

नमस्कार मंडळी, फ्लो सायटोमेट्री (पेशींना चमकणाऱ्या अँटिबॉडी लावून यंत्रात एकेक पेशी तपासणं) रोज हाताळणारं कुणी आहे का इथे?

पीएचडीसाठी निरोगी रक्तदात्यांच्या टी पेशींचे गट पाडतेय. सीडी४५आरए आणि सीसीआर७ ही पेशीवरच्या प्रथिनांची नेहमीची जोडी: दोन्ही असतील तर नाइव्ह (अजून जंतूशी गाठ न पडलेल्या), नुसतं सीसीआर७ असेल तर सेंट्रल मेमरी, दोन्ही नसतील तर इफेक्टर मेमरी. सीडी४५आरए झकास दिसतं. सीसीआर७चे मात्र दोन ढीग वेगळे पडतच नाहीत, गेटची (गट वेगळे करणारी) रेघ कुठे ओढायची तेच कळत नाही. नाइव्ह पेशींवर तर ते असायलाच हवं. सीसीएल१९ आणि सीसीएल२१ या रासायनिक संकेतांचा माग काढत त्या लसिकाग्रंथीत शिरतात त्या याच रिसेप्टरच्या जोरावर.

आमच्याकडची जुनी पद्धत म्हणजे सगळ्या अँटिबॉडी एकत्र, बर्फावर अर्धा तास. हा रिसेप्टर सतत पेशीच्या आत-बाहेर करत असतो, म्हणून सीसीआर७ची अँटिबॉडी आधी एकटी, ३७ अंशांवर घालावी असं वाचलंय. मला ते पटतंय. सरांना नाही ("इतकी वर्षं बर्फावरच चाललंय ना!").

तर, ३७ अंशांवर किती वेळ ठेवता? १५ मिनिटं पुरतात का? उरलेल्या अँटिबॉडी नंतर साध्या तापमानाला चालतील? पेशी गोठवलेल्या आहेत. वितळवल्यावर थोडा वेळ इनक्युबेटरमध्ये ठेवून रंगवल्या तर फरक पडतो का? सध्या अँटिबॉडीवर एफआयटीसी हा चमकणारा रंग वापरतेय, पीई या दुसऱ्या रंगावर जाऊ का?

एफएमओ कंट्रोल (एक रंग वगळून केलेला तुलनेचा नमुना) लावलेला आहे, तो सल्ला नको. कुणाकडे चांगला प्लॉट असेल तर प्लीज टाका, सरांना दाखवायचाय.