‘माजावर आलेला न्यूट’ बरोबर आहे का?

प्रश्न : पाळीव न्यूटवरच्या (न्यूट म्हणजे पालीसारखा दिसणारा, बेडकासारखा उभयचर प्राणी) मजकुरात एक वाक्य आहे, ‘नर माजावर आला की गाभण मादी वेगळी करा.’ दोन्ही शब्द खटकतात. काय लिहावं?

उत्तर : दोन्ही बदला. माज गाईम्हशींचा, म्हणजे मादीचा, आणि तो तासांत मोजतात. नराला ‘माजलेला’ म्हटलं तर अर्थ भलतीकडेच जातो. न्यूटची तयारी हंगामी असते, आठवडेच्या आठवडे टिकते. ‘विणीला आलेला नर’ म्हणा. गाभण म्हणजे पोटात गर्भ असलेली. न्यूटच्या पोटात नुसती अंडी. कोंबडीला म्हणतो तसं ‘अंड्यावर आलेली मादी’ चालेल.

दुसरं उत्तर : नर-मादी ओळखायची खूण सांगताना ‘गुदद्वार’ लिहू नका. मल, मूत्र, अंडी किंवा शुक्रजंतू एकाच वाटेने बाहेर येतात, तिला ‘अवस्कर’ म्हणतात. ती मागच्या पायांच्या मधोमध असते. पारदर्शक डब्यात दोन बोटं पाणी घ्यायचं, न्यूट आत सोडायचा आणि खालून पाहायचं. हातात धरून उलटा करू नये. कातडी नाजूक असते आणि तिच्यातून विष स्रवतं. जपानी न्यूटच्या नराचा अवस्कर गोल, टरटरून फुगलेला, मधोमध चीर. मादीचा लहान, निमुळता. विणीच्या दिवसांत नराच्या शेपटीवर निळी-जांभळी झाक येते. हंगाम सरला की फुगवटा ओसरतो, म्हणून तेव्हा नराला मादी ठरवण्याची चूक हमखास होते. पिल्लांत तर फरक दिसतच नाही.

प्रश्न : ‘तुरा’?

उत्तर : तुरा कोंबड्याच्या डोक्यावर. युरोपातल्या मोठ्या न्यूटच्या नराला पाठभर दातेरी पडदा येतो. ‘पाठीवरची झालर’ म्हणा. जपानी नराला ती नसते.

तिसरं उत्तर : ‘अंड्यावर आलेली’ लिहाल तिथे खूणही द्या. वरून पाहिलं की दोन्ही कुशी सारख्या भरलेल्या दिसतात. नुसतं पोट बघून ठरवू नये, जास्त खाल्लेला नरही गुबगुबीत होतो. गळा आणि पायांची मुळंही सुजली असतील तर ती अंडी नव्हेत, अंगात पाणी भरलंय. तो आजार आहे.

‘जोडी लागणे’ही इथे बसत नाही. जपानी नर मादीवर चढत नाही. तिच्या तोंडापुढे येऊन शेपटी दुमडतो आणि भराभर हलवून आपला गंध पाण्यातून तिच्याकडे लोटतो. ‘वारा घालणे’ हे क्रियापद इथे किती चपखल बसतं! त्या गंधद्रव्याचं नाव सोडेफ्रिन, तेही जपानीतल्या ‘बाही हलवून खुणावणे’ या अर्थाच्या शब्दावरून. मग नर तळाशी शुक्रजंतूंची चिकट पुडी ठेवतो आणि मादी ती अवस्कराने उचलते. मादी पुढे सरकलीच नाही, तर पुडी तशीच वाया जाते.

प्रश्न : ‘शीतनिद्रेनंतर वीण’ तरी ठीक?

उत्तर : टाकीतला न्यूट ५ ते १० अंशांत सहा-आठ आठवडे ठेवतात, पण तो झोपत नाही. मंदावतो, कमी खातो, तरी फिरत असतो. ‘थंडीचा काळ’ लिहा. पुढे ‘पाणी हळूहळू १५ ते १८ अंशांवर आणा’ हेही जोडा, नाहीतर वाचक एकदम गरम पाणी ओततील.