मदत हवी आहे: भरती-ओहोटी आणि बोंबलाचं काम सांभाळून हाफ मॅरेथॉनची तयारी कशी करू? (डावा गुडघाही दुखतोय)

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत मढला राहते, कोळीवाड्यात. वय ४१. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन आहे, तिच्या हाफला मी नाव नोंदवलंय. २१.०९७ किलोमीटर. आजपर्यंत एका दमात सगळ्यात जास्त धावले ते ११. हातात चौदा आठवडे आहेत आणि माझं कोष्टक कुठेच जुळत नाहीये, म्हणून इथे विचारते. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही.

धावायला लागले गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, नवरा जाळी विणत बसलेला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच पहाट माझी एकटीची होती. आधी किल्ल्यापर्यंत चालत जायचे. मग एक दिवस पाऊस आला म्हणून पळत घरी आले आणि घरी पोचल्यावर वाटलं, अजून पळता आलं असतं. तेव्हापासून सुटलं नाही.

आता अडचण. आमची डोलीची होडी आहे. डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं, ते पाण्याच्या ओढीवर चालतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला जोर असतो, तेव्हा बोंबील, करंदी, जवळा, मांदेली भरून येतात. अष्टमीच्या आसपास भांग. पाण्याला ओढ नाही, जाळं फुगतच नाही, होड्या बंदरालाच. म्हणजे माझं काम पंधरवड्याने येतं आणि पंधरवड्याने जातं. माल आला की निवडायचा, धुवायचा, आणि आता पाऊस संपलाय तर बोंबील वलांडीवर घालायचे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या असतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. वरची दोरी माझ्या डोक्याच्याही वर आहे. हात वर, टाचा उचललेल्या, असे तीन-चार तास जातात. त्या दिवशी संध्याकाळी पोटऱ्या दगडासारख्या होतात.

आणि किनाऱ्याचं गणित नेमकं उलटं. सासूबाईंनी मला लग्न झाल्यावर शिकवलं होतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे त्याआधी सहा तास, पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण हिशोब चुकत नाही. त्यामुळे उधाणाच्या दिवसांत साडेपाचला एरंगळची वाळू लांबच्या लांब उघडी पडलेली असते, ओली, घट्ट, पाऊल रुतत नाही. पण तेव्हा घरी होडी लागणार असते. आणि भांगेला मला वेळच वेळ असतो, तेव्हा सहाला पाणी वर चढलेलं, उरते ती फक्त वरची मऊ वाळू. तिच्यात दोन किलोमीटरमध्ये जीव जातो.

मोबाइलवरच्या अॅपने मला सात दिवसांचं कोष्टक दिलंय. मंगळवारी वेग, गुरुवारी मध्यम, रविवारी लांब पल्ला. माझा एक रविवार अमावास्येला येतो आणि मी करंदीच्या ढिगापुढे बसलेली असते. चुकलं की अॅप लाल खूण करतं. गेल्या महिन्यात सात लाल खुणा झाल्या आणि मला खरंच रडू आलं. सात दिवसांचंच कोष्टक पाळावं लागतं का? पंधरा दिवसांचं केलं तर शरीराला चालतं का? हा माझा मुख्य प्रश्न.

दुसरा गुडघ्याचा. डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. चौथ्या-पाचव्या किलोमीटरला सुरू होतं, थांबले की कमी होतं, जिना उतरताना जाणवतं. सूज नाही, लॉक होत नाही. एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गुडघ्याला हातही न लावता "या वयात हे कशाला हवंय" म्हणून गोळ्या लिहून दिल्या. मला गोळ्या नकोत, दुखतं का ते कळायला हवंय.

माझा नेहमीचा मार्ग: घरून रस्त्याने एरंगळ, तिथे वाळूत उतरायचं, किनाऱ्याने उत्तरेकडे जायचं, वर चढायचं आणि रस्त्याने परत मढ. परतताना रस्त्याच्या डाव्या कडेने येते. घड्याळात साधारण आठ भरतात. आधी अनवाणी धावत होते. ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर ते निळे फुग्यांसारखे जेलीफिश आले, एकावर पाय पडला, तेव्हापासून बूट घालते.

आणखी एक. हाफ माहीमच्या रेतीबंदरहून सुटते आणि पहाटे पाचच्या सुमारास. मढहून तिथे त्या वेळेला पोचायचं कसं? मालाडपर्यंतची २७१ नंबरची बस किंवा वर्सोव्याची फेरीबोट, आमच्याकडे दोनच वाटा, आणि मध्यरात्री दोन्ही नाहीत.

कृपया "मैदानावर धावा" असं सांगू नका. इथे मैदान नाही.

प्रतिसाद, वसईहून

ताई, मीही किनाऱ्यावर धावतो, त्यामुळे तुमचं पाऊणपटीचं गणित वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे माझे आजोबा तेच सांगायचे.

सात दिवसांचा आठवडा नोकरदारांसाठी आहे, रविवारी सुट्टी असते म्हणून लांब पल्ला रविवारी. शरीराला वार कळत नाही. त्याला इतकंच कळतं की ताण पडला, मग विश्रांती मिळाली, मग थोडा जास्त ताण पडला. तुम्ही पक्षावर कोष्टक बांधा. सप्तमी ते एकादशी तुमचे मोकळे दिवस. त्यात एक लांब पल्ला, रस्त्याने, आणि तीन दिवसांनी एक मध्यम, शेवटची दहा मिनिटं जोरात. चतुर्दशी ते तृतीया कामाचे दिवस. तेव्हा फक्त अर्धा-पाऊण तास, गप्पा मारता येतील इतक्या सावकाश, आणि एखादा दिवस राहिला तर राहू द्या. वलांडीवर चार तास उभं राहणं हाही व्यायामच आहे, तो मोजा.

चौदा आठवडे म्हणजे साडेसहा पक्ष. लांब पल्ला ११, १३, १४, मग एका पक्षात पुन्हा १०, मग १६, १८. शेवटच्या पक्षात कमी. १८ झाले की २१ होतात, शर्यतीच्या दिवशी आजूबाजूची माणसं ओढून नेतात. एकच सावधगिरी: पंधरवड्यात एकच लांब पल्ला म्हणजे मध्ये अंतर फार पडतं, म्हणून उधाणाच्या दिवसांत एकदा तरी ७-८ किलोमीटर व्हायला हवेत. आणि एक गोष्ट तुम्ही विसरलात. पौर्णिमेला पहाटे पाचला ओहोटी असेल तर संध्याकाळी साडेपाचलाही आहे.

ते अॅप काढून टाका. भिंतीवरच्या पंचांगावर पेनाने लिहा.

मूळ धागाकर्ती

संध्याकाळची ओहोटी मला माहीत आहे, दादा, पण तेव्हा किनाऱ्यावर गावातली सगळी असतात. सुनेने पँट घालून पहाटे अंधारात पळणं एक, आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पळणं वेगळं. नवऱ्याची हरकत नाही. सासूबाई काही बोलत नाहीत, पण मी निघाले की उठून दार लावून घेतात आणि मी येईपर्यंत परत झोपत नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांना विचारून बघते.

प्रतिसाद, बोरिवलीहून (मी फिजिओथेरपिस्ट आहे)

न तपासता निदान करत नाही, पण तुम्ही मार्ग इतका नीट लिहिला आहे की एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

तुम्ही किनाऱ्याने उत्तरेकडे जाता, म्हणजे समुद्र डाव्या हाताला. वाळू समुद्राकडे उतरते, म्हणजे डावा पाय दर पावलाला खाली पडतो. येताना त्याच वाळूने परत आलात तर समुद्र उजवीकडे येईल आणि फिटंफाट होईल. पण तुम्ही रस्त्याने येता, डाव्या कडेने. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. म्हणजे परतीलाही डावाच पाय खाली. आठच्या आठ किलोमीटर तुमचं शरीर डावीकडे कललेलं आहे.

मांडीच्या बाहेरून कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत एक जाड पट्टा जातो, त्याला आयटी बँड म्हणतात. उतारावर सतत एकाच बाजूने धावलं की गुडघ्याच्या बाहेर त्यावर ताण येतो. तुमची लक्षणं, ठरावीक अंतरानंतर सुरू होणं आणि जिना उतरताना दुखणं, त्याच्याशी जुळतात. तेव्हा पहिलं काम, वाळूने गेलात तर वाळूनेच परत या, आणि रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं धावा. अंधारात ते सुरक्षितही आहे. अंगावर काहीतरी चमकणारं घाला.

दुसरं, आरशासमोर डाव्या पायावर उभ्या राहा. उजवीकडची कंबर खाली झुकली तर कुल्ल्याचे स्नायू कमजोर आहेत. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून वर उचलायचा, पंधरा वेळा, तीनदा, दोन्ही बाजूंनी. टाचा उचलून तुम्ही तासन्‌तास उभ्या राहता, म्हणून पोटऱ्या रोज ताणायच्या: पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा खाली सोडायच्या. दोन आठवडे दुखायच्या आत थांबा. तिसऱ्या किलोमीटरला संपवा, पण दुखणं ओलांडून धावू नका. सूज आली, गुडघा अडकला किंवा रात्री दुखलं तर कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवा, जो हात लावून तपासेल अशाला. वय ४१ हे काही धावणं सोडायचं कारण नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन मात्र एकदा तपासून घ्या, दम लवकर लागत असेल तर विशेष करून.

प्रतिसाद, वर्सोव्याहून

ताई, मी खाडीच्या अलीकडची. माहीमचं सोपं आहे. रेतीबंदरला लागूनच माहीम कोळीवाडा आहे. नात्यात कोणी नाही का तिथे? आदल्या दिवशी दुपारीच जा आणि झोपा. मी तसंच केलं होतं. रात्री साधा भात आणि मासळीचं पातळ कालवण, तिखट कमी. पहाटे पेज, मीठ घालून. नवीन काही खायचं नाही त्या दिवशी.

आणि सी लिंकवर धावायला मिळेल, हे लक्षात ठेवा. एरवी तिथे पायी कुणाला सोडत नाहीत. वारा एका बाजूने येतो आणि अंधार असतो, पाणी दिसत नाही पण वास येतो. मी तिथे थांबले होते दोन सेकंद. पुढे पेडर रोडचा चढ आहे, तिथे चाललं तरी चालतं, हळू चढा, उतारावर पाय आवरा, तुमच्या गुडघ्याला चढापेक्षा उतारच लागेल. सरावाला एखाद्या भांगेला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात या, कान्हेरीचा रस्ता चढाचा आहे.

कुत्र्यांचं तुम्ही लिहिलं नाही, पण इतरांसाठी सांगते: अंगावर आली तर पळायचं नाही, थांबायचं, वळून उभं राहायचं, चालत पुढे जायचं.

मूळ धागाकर्ती (बारा दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, मधे पौर्णिमा होती.

फिजिओताईंनी सांगितलं ते वाचून मी रात्री दहाला रस्त्यावर जाऊन उभी राहिले. खरंच कडेला उतार आहे. सतरा वर्षं त्या रस्त्याने जाते, कधी कळलं नव्हतं. आरशापुढे डाव्या पायावर उभी राहिले तर कंबर झुकते. व्यायाम सुरू आहे, मुलगी मोजते. वाळूने जाऊन वाळूने परत आले तर काल पाच किलोमीटरपर्यंत काही दुखलं नाही. सहाव्याला किंचित जाणवलं, तिथेच थांबले आणि चालत घरी आले.

माझी मावससासू माहीम कोळीवाड्यातच आहे! माझ्या डोक्यातच आलं नाही. फोन केला, त्या म्हणाल्या, ये, आणि उशी तुझी तू आण, आमच्या उशा कडक आहेत.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंना विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण चप्पल घालून माझ्याबरोबर किनाऱ्यावर आल्या आणि मी परत येईपर्यंत उलट्या टोपलीवर बसून राहिल्या. मी चार फेऱ्या मारल्या. कोणी काही बोललं नाही.

पंचांगावर लिहिलंय. आज सप्तमी. नवमीला पावणेसातला भरती, म्हणजे रस्ताच. उजव्या कडेने १० किलोमीटर, दुखलं तर तिथून २७१ पकडून परत. एक विचारायचं राहिलं: दहाच्या वर जायचं झालं तर पाणी कसं न्यायचं? रस्त्यावर पहाटे एकही दुकान उघडं नसतं. हातात बाटली धरली की खांदा एका बाजूला जातो, आणि आता मला एका बाजूची भीतीच वाटते. कमरेचा पट्टा कोणी वापरला असेल तर तो उड्या मारतो का, ते सांगा.