विद्यापीठातील माहिती प्रणालीच्या विभागाने स्वतः एखादी प्रणाली सांभाळावी का?

ओसरी:
माहिती प्रणाली या विषयात पीएचडी करायची म्हटले की आपल्याकडे बहुतेकदा एकच मळलेली वाट दिसते. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेले, लोक नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणारे तंत्रज्ञान-स्वीकृतीचे प्रारूप घ्यायचे, त्यात एखाददुसरा घटक वाढवायचा, मिळतील त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि निष्कर्ष लिहायचे. ज्या प्रणालीवर प्रबंध उभा राहतो, ती संशोधकाने आतून पाहिलेलीही नसते. माझे स्पष्ट मत आहे की प्रत्येक विभागाने निदान एक खरीखुरी प्रणाली दीर्घकाळ अंगावर घ्यावी.

नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठाच्या इन्फॉर्मेटिक्स विभागाने हेच केले. वर्णभेदाची राजवट संपली तेव्हा दक्षिण आफ्रिकेत आरोग्याची १४ वेगवेगळी खाती होती आणि प्रत्येकाची नोंदीची पद्धत निराळी होती. संशोधक योर्न ब्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्हा पातळीवरील आरोग्य कर्मचाऱ्यांसोबत बसून कोणते आकडे खरोखर लागतात हे ठरवले आणि त्यातून डीएचआयएस (जिल्हा आरोग्य माहिती प्रणाली) हे मुक्त सॉफ्टवेअर उभे राहिले. २००० मध्ये हे काम आंध्रातील कुप्पमला आले, २००६ मध्ये त्याची वेबवर चालणारी दुसरी आवृत्ती प्रथम केरळात वापरात आली आणि आज ती ७० हून अधिक देशांत पोचली आहे. या सगळ्या प्रवासात विद्यार्थ्यांचे प्रबंध त्याच कामातून लिहिले गेले. प्रणाली वापरणाऱ्यांनाच तिच्या घडणीत सामील करून घ्यायचे, या विचाराने नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टेन नायगार्ड यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेच्या लोह व धातू कामगार संघटनेसोबत केलेल्या संशोधनाचा वारसा यामागे आहे, हेही विसरता कामा नये.

घाटमाथा:
उदाहरण मोठे आहे, पण त्याची दुसरी बाजू आपण वगळली आहे. नॉरॅड (नॉर्वे सरकारची विकास-साहाय्य संस्था) आणि ग्लोबल फंड (एड्स, क्षयरोग व मलेरियाविरुद्धचा जागतिक निधी) यांच्यासारख्या संस्थांच्या पैशावर चालणारे सॉफ्टवेअर विभागातच घडत असेल, तर ते एखाद्या जिल्ह्यात फसले असे त्याच विभागातला विद्यार्थी किती मोकळेपणाने लिहील? स्वतःच्या प्रणालीचे मूल्यमापन स्वतःच करणे हा संशोधनपद्धतीतील गंभीर दोष आहे. शिवाय सरकारी खात्यातला एक निर्णय वर्षभर रखडू शकतो, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती मात्र तोवर थांबून राहत नाही.

नोंदवही:
मी आरोग्य माहितीवरच संशोधन करते, म्हणून एक ठोस गोष्ट मांडते. उपकेंद्राच्या मासिक अहवालात मातामृत्यूचा रकाना रिकामा असतो. त्या महिन्यात एकही मृत्यू झाला नाही, की एएनएमने (उपकेंद्रातील परिचारिकेने) रकाना भरलाच नाही? डीएचआयएसच्या दुसऱ्या आवृत्तीत शून्य हा आकडा मुळात साठवलाच जात नाही. तो साठवायचा असेल तर त्या त्या घटकासाठी तशी निवड करावी लागते. साठवण वाचवण्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण बहुतेक रकाने शून्यच असतात. पण जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यासमोर तक्ता उघडतो तेव्हा ‘मृत्यू नाही’ आणि ‘माहिती नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच कोऱ्या चौकोनात दिसतात. लसीकरण १०० टक्क्यांच्या वर गेलेले दिसते, त्यामागेही असेच काहीतरी असते: ज्या लोकसंख्येने भागायचे ती २०११ च्या जनगणनेवरून पुढे ओढलेला अंदाज असते आणि शेजारच्या तालुक्यातून माहेरी आलेल्या बाळंतिणीचे मूल इथे टोचले जाते. ‘ही प्रणाली आपल्याला उपयुक्त वाटते का?’ या प्रश्नाला एक ते पाच गुण देऊन यातले काहीही हाती लागणार नाही.

तळटीप:
आपण सांगितलेला कोरा चौकोन महत्त्वाचा आहे, पण तो समजावून सांगणारा सिद्धांत जुना आहे. स्वीडनचे बोर्ये लांगेफोर्श यांनी १९६६ च्या सुमारास मांडले होते की आकड्यांत माहिती आयती भरलेली नसते. वाचणाऱ्याचे पूर्वज्ञान आणि त्याच्या हाताशी असलेला वेळ यांवर ती अवलंबून असते. विद्यापीठाने अशा संकल्पना घडवाव्यात. सर्व्हर बंद पडला म्हणून रात्री धावणे हे काम एखादी कंपनी अधिक चांगले करील.

ओसरी:
लांगेफोर्श प्राध्यापक होण्यापूर्वी अनेक वर्षे साब या विमान कंपनीत होते आणि तिथल्या गणनयंत्रांच्या कामाचे नेतृत्व त्यांनी केले होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हा विषय रुजवणारे फ्रँक लँड हेही लायन्स या चहाघरे चालवणाऱ्या कंपनीच्या लिओ संगणकावर काम करून तिथे आले. सिद्धांत मांडणाऱ्यांचे हात आधी प्रणालीत गुंतलेले होते. आजचा विद्यार्थी बारावी, पदवी, पदव्युत्तर पदवी असा थेट संशोधनाला येतो. त्याला हा अनुभव विभागाने नाही द्यायचा तर कोणी द्यायचा? घाटमाथा यांचा आक्षेप मात्र मला मोलाचा वाटतो. त्यावर उपाय एवढाच की मूल्यमापन दुसऱ्या विद्यापीठाने करावे आणि सॉफ्टवेअर घडवणाऱ्या चमूतील कोणीही त्या प्रबंधाचा मार्गदर्शक नसावा.

घाटमाथा:
लांगेफोर्श आणि लँड विद्यापीठात आले ते प्रणाली मागे ठेवून. त्यांना अंतर मिळाले म्हणूनच ते लिहू शकले असे मला वाटते. आणि ज्या प्राध्यापकाने प्रणाली अंगावर घेतली तो निवृत्त झाला, तर जिल्ह्यांचे काम कोणाच्या भरवशावर राहणार?

नोंदवही:
भारतात ही जबाबदारी हिस्प इंडिया या विद्यापीठाबाहेरच्या संस्थेकडे आहे आणि तिचे ऑस्लोशी असलेले संशोधनाचे नाते टिकून आहे. निगा एका ठिकाणी आणि संशोधन दुसऱ्या ठिकाणी, ही विभागणी मला पटते. मात्र विद्यार्थ्याने उपकेंद्रात बसून, एएनएमच्या शेजारी, महिनाअखेरीचा अहवाल भरला जाताना पाहिला पाहिजे, यावर मी तडजोड करणार नाही.